आणखी थोडे टाकले तर...

मराठी मध्यमवर्गाला दुष्काळ, महागाई आणि पाहुणे या तिघांनी मिळून जेवढे लुटले नसेल, तेवढे 'आणखी थोडे टाकले तर' या चार शब्दांनी लुटले आहे, असे माझे स्वच्छ मत आहे. दोन खोल्यांचा ब्लॉक बघायला गेलेला माणूस हे चार शब्द ऐकतो आणि अडीच खोल्यांचे कर्ज घेऊन घरी येतो. त्यातली अर्धी खोली नेमकी कोणती, हे त्याला वीस वर्षे हप्ते फेडूनही कळत नाही. पंखा घ्यायला गेलेला कूलर आणतो, साध्या जेवणाचा बेत ठरवायला गेलेला वधूपिता तीन गोडाचे पदार्थ कबूल करून येतो, आणि सगळ्यांचे म्हणणे एकच : "एवढे टाकतोच आहोत, तर आणखी थोडे!" पण या चार शब्दांचे खरे माहेर कुठे असेल, तर ते कॅमेऱ्याच्या दुकानात. तिथे ते बाळंतपणाला येतात आणि जुळ्यांना घेऊन परत जातात.

म्हणून आज मी जाहीरपणे आणि पूर्ण शुद्धीवर राहून सांगतो, की ज्याला कॅमेरा पोटासाठी नव्हे, हौसेसाठी हवा आहे त्याने अगदी खालच्या पायरीवरचा चांगला कॅमेरा घ्यावा आणि उरलेले पैसे लेन्समध्ये, चपलांमध्ये आणि एसटीच्या तिकिटात घालावेत. या विधानामुळे आमचे मेहुणे माझ्याशी बोलेनासे होतील. होऊ देत. ती या लेखाची जमेची बाजू समजावी.

यात माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच की मी देहूचा राहणारा आहे. हे गाव फोटो काढण्यासाठीच वसवले असावे, असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. इंद्रायणीचा घाट, देऊळ, गाथा मंदिर, लांबवर भंडाऱ्याचा डोंगर. एका अंगाला देहूरोडची छावणी, दुसऱ्या अंगाला चाकणचे कारखाने, आणि मधल्या शेतांतून हल्ली ज्वारीऐवजी बिल्डिंगा उगवतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान असते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखीसोहळा सुरू केला असे मानतात. त्या दिवशी गावात टाळ जास्त की कॅमेरे जास्त, याची कोणी मोजदाद केलेली नाही. पण माझा संशय कॅमेऱ्यांवर आहे. पोटावर एक, पाठीवर एक आणि हातात एक असे कॅमेरे ल्यालेली मंडळी "माऊली, जरा पुन्हा फुगडी घाला की!" असे विनवताना मी दरवर्षी पाहतो. माऊली पुन्हा फुगडी घालते. वारकऱ्यांच्या भक्तीत रीटेकलासुद्धा जागा आहे, हे त्या संप्रदायाचे मोठेपण.

तर अशा या गावात २०१९ सालच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने कॅमेरा घ्यायचे ठरवले. तो चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. पूर्वी मुलगा एवढा गंभीर चेहरा करून घरात आला, की परस्पर लग्न ठरवून आला की काय अशी भीती असे. "काका, डीएसएलआर घ्यायचा म्हणतोय," असे तो म्हणाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना ती एखादी परीक्षा वाटली. "अरे, मग अभ्यास नीट कर," असा आशीर्वाद देऊन त्या आत गेल्या. आणि खरे सांगतो, पुढले दोन महिने त्याने तो इतका नीट केला की एवढ्यात एखादा वकील झाला असता.

अखेर दोन स्थळे शिल्लक राहिली. दोन्ही निकॉनच्या घराण्यातली. धाकटे डी ३५००, थोरले डी ७५००. धाकट्याचा जन्म २०१८ चा, थोरल्याचा २०१७ चा. धाकट्याची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत लेन्ससकट पाचशे डॉलर. थोरल्याची साडेबाराशे, आणि तीही बिनलेन्सची. म्हणजे एकाने थाळी वाढून द्यायची आणि दुसऱ्याने अडीचपट पैसे घेऊन नुसते रिकामे ताट पुढे करायचे, असा प्रकार. आपल्याकडे रुपयांतही हा फरक दुपटीच्या पलीकडचाच होता.

मी कागद-पेन्सिल घेतली आणि दोघांच्या पत्रिका मांडल्या. पहिल्याच घरात धक्का बसला. थोरल्याच्या चित्रात दोन कोटी नऊ लाख ठिपके. धाकट्याच्या चित्रात दोन कोटी बेचाळीस लाख! अडीचपट पैसे देऊन ठिपके कमी, हा व्यवहार मला आमच्या पेठेतल्या मिठाईवाल्याची आठवण करून देणारा वाटला. बॅटरी एकदा भरली की धाकटा साडेपंधराशे फोटो काढतो, थोरला साडेनऊशेला धापा टाकतो. बॅटरी आणि कार्ड धरून धाकट्याचे वजन ४१५ ग्रॅम, थोरल्याचे ७२० ग्रॅम. आणि हे सारे लेन्स चढवण्यापूर्वी. पोटातला सेन्सर दोघांचा एकाच मापाचा. त्यामुळे अंधारात दोघे सारखेच ठेचकाळतात. फरक असलाच तर एकोणीस-वीसचा.

थोरल्याचे गुण मी लपवून ठेवणार नाही. तो सेकंदाला आठ फोटो काढतो, धाकटा पाच. नेम धरायला त्याच्यापाशी ५१ बिंदू, धाकट्यापाशी अकरा. डोळा लावून पाहिले तर तो पूर्ण चित्र दाखवतो, धाकटा पंचाण्णव टक्के. त्याच्या अंगाला पावसाचे शिंतोडे रोखणारी सांधेबंदी आहे. आणि त्याचा आयएसओ की काय तो ताणत ताणत सोळा लाख चाळीस हजारांपर्यंत जातो. हा आकडा कुठे वापरायचा, असे मी पुतण्याला विचारले. अमावास्येच्या रात्री, वीज गेलेली असताना, कोळशाच्या वखारीत काळे मांजर हरवले असेल, तर त्याचा उपयोग होत असावा. आमच्याकडे मांजर आहे, पण पांढरे.

येथवर सारे ठीक चालले होते. मग मेहुणे आले.

आमचे मेहुणे हे कॅमेरापंडित आहेत. प्रत्येक कुटुंबात एक असतो. पूर्वी हाच गृहस्थ स्कूटरच्या नंबरावर बोलत असे, त्यानंतर टेपरेकॉर्डरवर, हल्ली कॅमेऱ्यावर बोलतो. त्याने काढलेला फोटो कोणी पाहिलेला नसतो. पण त्याच्या कॅमेऱ्याचा डबा सर्वांनी पाहिलेला असतो. "दाजी," मेहुणे मला म्हणाले, "वस्तू आयुष्यात एकदाच घ्यायची असते. घ्यायची तर चांगलीच! आज धाकटा घ्याल, उद्या पोरगा शिकला की तोच तोकडा पडेल. त्यापेक्षा थांबा. पुढच्या दिवाळीचा बोनस येऊ द्या, आणखी थोडे टाका आणि थोरला घ्या."

या एका बोलण्यात तीन युक्तिवाद आहेत आणि तिन्ही मराठी घराघरांत वेदवाक्य म्हणून खपतात. तेव्हा एकेकाचा समाचार घेतो.

'एकदाच घ्यायची ती चांगली' हा नियम आपल्या आजोबांचा. तो त्यांनी पितळेचा बंब, सागवानी पलंग आणि लोखंडी कपाट यांच्यासाठी केला होता आणि त्या बाबतीत तो शंभर नंबरी खरा आहे. बंबाचे नवे मॉडेल दर दोन वर्षांनी निघत नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीचे निघते. मग हा नियम कॅमेऱ्यात लावायचाच कुठे? लेन्सला. निकॉनची लेन्स बॉडीला ज्या खोबणीत बसते ती खोबण १९५९ सालची आहे. बॉड्या आल्या आणि गेल्या, रोल गेले आणि कार्डे आली, खोबण तीच राहिली. एखाद्या जुन्या लेन्सला धाकट्यावर स्वतःहून नेम धरता येत नाही, कारण ती फिरवायची मोटर धाकट्याच्या पोटात नाही, हे खरे. मग ती हाताने फिरवावी. हाताला काय मेंदी लागली आहे? म्हणजे आजोबा चुकलेले नाहीत. त्यांचा नियम आपण भलत्या वस्तूला लावतो. बॉडी ही भाड्याची खोली, लेन्स ही वडिलोपार्जित जमीन. भाड्याच्या खोलीला इटालियन मार्बल कोण बसवतो?

दुसरे, 'शिकला की तोकडा पडेल.' पडू द्या की! पोरगा शिकला याचा आनंद करायचा सोडून कॅमेऱ्याचे दुःख कसले करता? चड्डी तोकडी होईल म्हणून कोणी बारशालाच पँट शिवत नाही. शिवाय तोकडे पडणे ही सोपी गोष्ट नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, तो हाताने हँडल फिरवून चालवायचा. त्याने त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर वाढताना टिपला, तो दाखवून भांडवल मिळवले, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना चांगला कॅमेरा मिळेना, तर त्यांनी तो घरचाच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी पुढे पुण्यात प्रभातसाठी 'संत तुकाराम' केला. तो १९३६ चा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. यांच्यापैकी कोणाच्याही यंत्रात नेम धरायला अकरा बिंदू नव्हते. एकच होता, आणि तो त्यांच्या कपाळाखाली होता. तेव्हा आमच्या पुतण्याला दोन कोटी बेचाळीस लाख ठिपके तोकडे पडायला थोडा अवकाश आहे, असे मानायला हरकत नाही. सहा बाय चारचा झकास फोटो छापायला साडेएकवीस लाख ठिपके पुरतात. बाकीचे दोन कोटींहून अधिक ठिपके आपण केवळ शेजाऱ्यांसाठी बाळगतो.

आता पावसाचा मुद्दा. तो मात्र वजनदार आहे, कारण वारी आणि पाऊस हे एका ताटात जेवणारे. मेहुणे म्हणाले, "थोरल्याला पावसाची भीती नाही." असे सांधेबंद कॅमेरे शिंतोडे सोसतात, बुडणे सोसत नाहीत. इंद्रायणीच्या पाण्यात तेरा दिवस राहून कोरडी निघाली ती तुकोबांची गाथा; कोणत्याही कंपनीने या किमतीत तेरा मिनिटांचीही हमी दिलेली नाही. मग उरला शिंतोड्यांचा बंदोबस्त. तो लाखो वारकरी कित्येक वर्षे दहा-वीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या कागदात करत आले आहेत. जो कागद सबंध माणसाला पंढरपूरपर्यंत कोरडा नेतो, तो ४१५ ग्रॅमच्या यंत्राला आकुर्डीपर्यंत नेणार नाही?

या सगळ्यात मेहुण्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचे काय, हे सांगायला हवे. तो थोरल्याहून थोरला आहे. आणि तो कपाटात आहे. त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात, त्यांच्या लग्नात आलेला सोनेरी काठाचा टी-सेट आहे. 'चांगले पाहुणे आले की काढू' म्हणून ठेवलेला तो सेट अजून कोणत्याही पाहुण्याने ओठाला लावलेला नाही. त्यांच्या मते एवढा चांगला पाहुणा अद्याप जन्मलेला नाही. कॅमेऱ्याचेही तेच झाले. पाऊस आहे, नको. गर्दी आहे, नको. धूळ आहे, नको. बसने जायचे आहे, मुळीच नको. हप्ते चालू असताना तो वापरायची भीती, आणि हप्ते संपले तोवर लेन्सच्या काचेवर बुरशीची नक्षी. आपल्या पावसाळी हवेत कोंडून ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. तिला उजेड आणि वारा लागतो, म्हणजे ती वापरावी लागते. महाग वस्तूचा मोठा दोष किंमत हा नाही. ती आपल्याला राखणदार करून ठेवते, हा आहे. माणूस हौसेने फोटोग्राफर व्हायला जातो आणि वॉचमन होऊन परत येतो.

पुण्यातल्या दुकानात पुतण्याबरोबर मीही गेलो होतो. दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले, थोरल्याखाली मखमल घातली आणि धाकट्याखाली वर्तमानपत्र. मग तो मधाळ आवाजात म्हणाला, "साहेब, पैशाचं मनावर घेऊच नका. हप्त्यानं न्या. कळणारसुद्धा नाही." हप्ता कळत नाही असे म्हणणारा माणूस दोनच प्रकारचा असतो : एक, फार श्रीमंत, दुसरा, हप्ता घेणारा. मी त्याला सांगितले, "बाबा रे, आम्ही देहूचे." त्याला ते कळले नाही. पण तुम्हांला कळेल. वाडवडिलांच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते ज्या माणसाने इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, त्याच्या गावचे आम्ही. आमच्या गावातून फोटोच्या हौसेपायी नवे कर्जखत लिहून द्यायचे आणि मग त्याच काठावर उभे राहून सूर्यास्त टिपायचा, हे काही बरे दिसत नाही. नदीला काय वाटेल? तिला आधीच फेस आला आहे.

पुतण्याने धाकटा घेतला. उरलेल्या पैशांतून पस्तीस मिलिमीटरची एक एवढीशी लेन्स घेतली, एफ १.८ ची, वजन दोनशे ग्रॅम. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स त्याच लांबीला जेवढा उजेड आत घेते, त्याच्या सुमारे सहापट उजेड ही घेते. देवळाच्या गाभाऱ्यात, वाड्याच्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात, जिथे म्हणून आपल्याकडची माणसे खरोखर बसलेली असतात, तिथे हा सहापट उजेड कामाला येतो. एवढे करूनही थोरल्याच्या किमतीतून पैसे शिल्लक राहिले. ही लेन्स झूम होत नाही. मेहुण्यांना हा मोठा दोष वाटला. माझ्या मते तोच तिचा गुण, कारण फोटो मोठा हवा असेल तर स्वतः उठून जवळ जावे लागते. आळशी माणसाला जागचे उठवणारी दुसरी कोणतीही वस्तू या किमतीत मिळत नाही.

त्या वर्षी २४ जूनला प्रस्थान होते. आमची आत्या तेव्हा ऐंशीला टेकलेली. पूर्वी ती पंढरपूरपर्यंत चालत जाई. पुढे गुडघ्यांनी करार मोडला तेव्हापासून आकुर्डीपर्यंत. पुतण्या तिच्यासमोर उलटा उलटा चालत, अगदी तीन हातांवर जाऊन उभा राहिला. आत्या डोक्यावरची तुळस सावरत ओरडली, "मेल्या, फोटो काढतोस का अंगावर येतोस?" आणि स्वतःच्याच बोलण्याला खो खो हसली. तेवढ्यात त्याने बटण दाबले. त्या फोटोत तुळशीची मंजिरी आहे, पुढचे पडलेले दोन दात आहेत, मागे टाळ उंचावलेले धूसर हात आहेत, आणि मधोमध ते हसू आहे. आठ फोटोंचा सेकंद लागला नाही. एक पुरला.

आता मेहुण्यांच्या तिसऱ्या युक्तिवादाकडे येऊ : 'थांबा, पुढची दिवाळी येऊ द्या.' पुढची दिवाळी म्हणजे २०२० ची. त्या वर्षी साथीमुळे पायी वारीच झाली नाही. ३० जूनला तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, आणि रस्त्याच्या कडेला टाळ वाजवायला कोणी नव्हते. २०२१ लाही तेच. वारी पुन्हा पायी निघाली ती २०२२ साली. तोवर आत्या गेली होती. थांबलो असतो तर आमच्या घरात थोरला कॅमेरा आला असता, ५१ बिंदूंचा, सांधेबंद. नेम धरायला समोर आत्या नसती. यंत्र दरवर्षी सुधारते आणि स्वस्त होते. त्याच्यासमोरचे माणूस दरवर्षी म्हातारे होते. या दोन घड्याळांपैकी कोणत्या घड्याळाने चालायचे, एवढाच काय तो या वादातला प्रश्न आहे. बाकी सगळे आयएसओ.

कोणी म्हणेल, मग महाग कॅमेरे कोणी घ्यायचेच नाहीत काय? जरूर घ्यावेत. ज्याला मुहूर्ताच्या सेकंदाला अक्षता टिपायच्या आहेत आणि त्याचेच पैसे मिळायचे आहेत, त्याने घ्यावा; त्याचे ते औत आहे आणि औतावर कंजुषी करू नये. नदीकाठचा खंड्या मासा घेऊन उडताना ज्याला पकडायचा आहे, त्याला आठ फोटोंचा सेकंद लागतो; तोही घेवो. ज्याला पैशाचे काय करावे हा प्रश्न पडला आहे, त्यानेही घ्यावा आणि उरलेले माझ्याकडे पाठवावे. माझे भांडण त्यांच्याशी नाही. माझे भांडण आहे ते पोराच्या पहिल्या वाढदिवसासाठी कॅमेरा घ्यायला निघून त्याच्या तिसऱ्या वाढदिवसापर्यंत तुलना करत बसणाऱ्या बापाशी.

हा वाद आता जुना झाला, असेही काहींना वाटेल. २०२२ साली निकॉनने डी ३५०० आपल्या यादीतून काढून टाकला. नव्या कॅमेऱ्यांतून तो आतला आरसाच गेला. मिररलेस म्हणतात त्यांना. पण दुकानात जाऊन बघा. आरसा गेला, 'आणखी थोडे' जागच्या जागी आहे. काउंटरवर तीच दोन भावंडे, तीच मखमल, तेच वर्तमानपत्र. फोन घ्यायला गेलात तरी तेच. आमच्या सौभाग्यवती परवा मिक्सर घ्यायला गेल्या होत्या; तिथेही मेहुणे आलेच.

तेव्हा वाचकहो, ज्या कॅमेऱ्यावर चहा सांडला तर आपल्याला दुःख होईल पण झोप उडणार नाही, तो कॅमेरा आपला. तो खुंटीला टांगावा, कपाटात ठेवू नये. काढलेल्या फोटोंतले दहा तरी वर्षाकाठी कागदावर छापून घ्यावेत, कारण कार्डातले फोटो कार्डाबरोबर जातात आणि भिंतीवरचे नातवंडांपर्यंत जातात. आणि दुकानदाराने मखमल झटकून तो मंत्र म्हटलाच, तर त्याच्याशी वाद घालू नये. मान डोलवावी आणि धाकटा घेऊन बाहेर पडावे. आणखी थोडे टाकायचेच असेल तर फोटो काढताना दोन पावले पुढे टाकावीत. ती फुकट पडतात, आणि फोटो बहुतेक वेळा तिथेच असतो.